जागचे न हलणारे जीव आणि त्यांची फिरती जनुके

युरोपातल्या ओकच्या एका पानातून दोन ठिकाणचा डीएनए मिळतो: पेशीच्या केंद्रकातला आणि हरितलवकातला. केंद्रकातला डीएनए तपासला, तर शेकडो किलोमीटर अंतरावरची दोन ओकची जंगले जवळजवळ सारखीच दिसतात. हरितलवकातला तपासला, तर तीच जंगले एकमेकांना परकी ठरतात, आणि शेवटच्या हिमयुगात त्यांचे पूर्वज आयबेरियात, इटलीत की बाल्कन प्रदेशात तग धरून होते, हेही बहुतेक वेळा सांगता येते. युरोपभरच्या अडीच हजारांहून अधिक ठिकाणांवरून गोळा केलेल्या ओकच्या नमुन्यांवरून असा नकाशा २००२ साली प्रसिद्ध झाला. झाड एकच असताना त्याच्या इतिहासाच्या या दोन हकिकती निघतात, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

याचे कारण ओकच्या जगण्यात आहे. फुलणाऱ्या बहुतेक वनस्पतींप्रमाणे ओकमध्येही हरितलवक फक्त मातेकडून येते, म्हणजे ते बीजाबरोबरच प्रवास करते. ओकचे फळ जड असते. ते झाडाखाली पडते, किंवा ‘जे’ (jay) नावाचा पक्षी ते उचलून काही अंतरावर पुरून ठेवतो. केंद्रकातली जनुके मात्र बीजातून प्रवास करतात तशीच परागकणांतूनही करतात, आणि ओकचे परागकण वाऱ्यावर दूरवर जातात. १९९४ साली रिचर्ड एनॉस यांनी या दोन प्रकारच्या डीएनएमधल्या फरकांवरून असा हिशेब मांडला की, ओकच्या एका जातीत परागांवाटे होणारा जनुकप्रवाह, म्हणजे एका ठिकाणची जनुके दुसरीकडे जाऊन मिसळणे, बीजांवाटे होणाऱ्या प्रवाहाच्या जवळजवळ दोनशे पट आहे. रानटी बार्ली स्वपरागण करणारी आहे. तिच्याबाबत हाच आकडा चारच्या आसपास आला. पाइन वृक्षांमध्ये तर रचनाच उलटी असते. त्यांचे हरितलवक परागकणांतून येते आणि तंतुकणिका मातेकडून येतात, त्यामुळे बीजांचा माग काढायचा असेल तर तंतुकणिकांचा डीएनए पाहावा लागतो. कोणता डीएनए कोणत्या वाटेने जातो हे माहीत नसताना काढलेला निष्कर्ष पूर्णपणे चुकीचा ठरू शकतो, आणि हा विषय मला इतका महत्त्वाचा वाटतो तो याचमुळे.

एका जातीची, एका परिसरात वाढणारी आणि आपसांत प्रजनन करणारी झाडे मिळून एक समष्टी होते. समष्टींच्या जनुकीय रचनेचा सिद्धान्त चार शक्तींवर उभा आहे: उत्परिवर्तन, नैसर्गिक निवड, जनुकप्रवाह आणि निव्वळ योगायोगाने पिढ्यान्‌पिढ्या होत राहणारे जनुकीय विचलन. प्राण्यांना आणि वनस्पतींना हे सिद्धान्त सारखेच लागू आहेत. परंतु वनस्पती जोडीदाराच्या शोधात जाऊ शकत नाही, दुष्काळात स्थलांतर करू शकत नाही, आणि तिच्या जनुकांना हलण्याच्या संधी आयुष्यात दोनदाच मिळतात, एकदा परागकणाच्या रूपात आणि एकदा बीजाच्या. म्हणून फूल कसे आहे, बीज किती जड आहे, झाड किती वर्षे जगते, पहिल्यांदा कधी फुलते, या साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्या चारही शक्तींचे बळ ठरवतात.

हे संबंध आकड्यांत मांडण्याचे मोठे काम जेम्स हॅमरिक आणि मेरी जो गॉड्ट यांनी केले. विकरांच्या वेगवेगळ्या रूपांवरून जनुकीय फरक ओळखण्याच्या पद्धतीने चारशेहून अधिक जातींवर झालेले अभ्यास त्यांनी १९९० साली एकत्र केले. एखाद्या जातीतल्या एकूण विविधतेपैकी किती वाटा समष्टी-समष्टींमधल्या फरकात आहे आणि किती प्रत्येक समष्टीच्या आत आहे, हे त्यांनी पाहिले. स्वपरागण करणाऱ्या जातींमध्ये समष्टींमधल्या फरकाचा वाटा सरासरीने निम्मा निघाला. वाऱ्यावर परपरागण करणाऱ्या जातींमध्ये तो दहाव्या भागाइतकाच होता. प्राण्यांकरवी परपरागण होणाऱ्या जाती या दोहोंच्या मध्ये, पाचव्या भागाच्या आसपास होत्या. आज संपूर्ण जीनोम, म्हणजे जीवाचा सगळा डीएनए, वाचण्याची साधने हाताशी असताना विकरांची ती पद्धत ढोबळ वाटते, पण तिने दाखवलेला क्रम पुढच्या अभ्यासांतही मोठ्या प्रमाणात टिकून राहिला आहे.

स्वपरागणाचा परिणाम सर्वांत खोल जातो. फक्त स्वतःच्याच परागांनी बीज धरणाऱ्या वंशात, जनुकाच्या दोन प्रती वेगवेगळ्या असण्याचे प्रमाण दर पिढीला निम्मे होते, आणि सात पिढ्यांत ते मूळच्या एक टक्क्याच्याही खाली जाते. दोन्ही प्रती सारख्याच झाल्या की समष्टीतल्या स्वतंत्र प्रतींची संख्या प्रत्यक्षात निम्मी होते, म्हणजे विचलनाच्या दृष्टीने हजार झाडांची समष्टी पाचशे झाडांसारखी वागू लागते. नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. गुणसूत्रांची अदलाबदल पेशीत होत असली तरी अदलाबदल होणारे दोन्ही तुकडे सारखेच असल्यामुळे तिचा उपयोग राहत नाही; मग एखादे घातक उत्परिवर्तन निवडीने बाहेर फेकले जाताना त्याच्या शेजारची निरुपद्रवी विविधताही बरोबर घेऊन जाते. त्यातच स्वपरागण करणाऱ्या जाती नव्या जागी पुष्कळदा एकाच बीजापासून सुरुवात करतात. हर्बर्ट बेकर यांनी १९५५ साली याच मुद्द्याकडे लक्ष वेधले होते: दूरच्या बेटावर एकटेच पोहोचलेले रोप जोडीदाराविना बीज धरू शकत असेल, तरच तिथे वसाहत उभी राहते.

अरॅबिडॉप्सिस थॅलियाना हे जगभरच्या प्रयोगशाळांतले लाडके रोपटे याचे उत्तम उदाहरण आहे. ते बव्हंशी स्वपरागण करते, म्हणून एका रोपाची बीजे अनेक प्रयोगशाळांना वाटली तरी सगळीकडे जवळजवळ एकच जनुकसंच वाढतो. २०१६ साली त्याच्या १,१३५ नैसर्गिक वाणांचे जीनोम एकत्रितपणे प्रसिद्ध झाले, आणि एकाच जातीतली इतकी तपशीलवार तुलना शक्य झाली ती काही अंशी या स्वपरागणामुळेच. कॅप्सेला रूबेला या त्याच्या नातलगात तर हे स्थित्यंतर उत्क्रांतीच्या मापाने अगदी अलीकडे घडले आहे: परपरागण करणाऱ्या कॅप्सेला ग्रँडिफ्लोरासारख्या पूर्वजापासून ती वेगळी झाली, तिची फुले लहान झाली आणि विविधताही पुष्कळ घटली. दोन्ही जाती आजही जिवंत असल्यामुळे आधीची आणि नंतरची स्थिती शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

याच्या विरुद्ध टोकाला स्वतःचे पराग नाकारणाऱ्या वनस्पती आहेत. त्यांच्यात एक विशिष्ट जनुकस्थान असते; परागकणाचे आणि कुक्षीचे त्या स्थानावरचे रूप जुळले, तर परागनलिका वाढतच नाही. या व्यवस्थेत दुर्मीळ रूपाला आपोआप फायदा होतो, कारण त्याला नाकारणाऱ्या कुक्षी थोड्या असतात. त्यामुळे अशी रूपे मोठ्या संख्येने टिकून राहतात. न्यू मेक्सिकोतल्या ऑर्गन पर्वतापुरत्या मर्यादित असलेल्या इनोथेरा ऑर्गनेन्सिस या जातीत, समष्टी इतकी छोटी असूनही, या एका जनुकस्थानाची ४५ रूपे सापडली होती, आणि १९३९ साली सेवॉल राइट यांनी त्यावर गणिती सिद्धान्त मांडला.

हीच व्यवस्था संख्या घटल्यावर जिवावर उठते, आणि ते लेकसाइड डेझी या अमेरिकेतल्या दुर्मीळ वनस्पतीत स्पष्ट दिसले. इलिनॉय राज्यात तिची शेवटची एकच समष्टी उरली होती, जेमतेम काही डझन झाडांची. झाडे निरोगी होती, दर वसंतात पिवळी फुले येत होती, कीटकही भेट देत होते, परंतु वर्षानुवर्षे एकही बीज धरले जात नव्हते. हाताने परागण करून पाहिल्यावर कारण कळले: उरलेली सगळी झाडे एकाच जुळणीगटातली होती, आणि प्रत्येक कुक्षी समोर येणारा प्रत्येक परागकण आपलाच समजून नाकारत होती. ओहायोतल्या झाडांचे पराग आणून घातले तेव्हा बीजे धरली. शिरगणतीत ही समष्टी जिवंत होती. पुनरुत्पादनाच्या दृष्टीने ती आधीच संपलेली होती. निव्वळ झाडे मोजून संवर्धनाचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे उदाहरण कायम लक्षात ठेवावे असे आहे.

पराग कोण वाहून नेतो, यानेही मोठा फरक पडतो, पण वाहक लहान म्हणजे अंतर कमी, असा सरळ नियम करता येत नाही. उंबराच्या कुळातल्या झाडांचे परागण त्यांच्या फळांतच वाढणाऱ्या चिमुकल्या वरट्या, म्हणजे गांधीलमाशीच्या गटातले कीटक, करतात. या वरटीची लांबी दोनेक मिलिमीटर असते, आणि फळाबाहेरचे तिचे आयुष्य फार तर दोन-तीन दिवसांचे असते. नामिबियातल्या उगाब नदीच्या काठाने वाळवंटात विरळ उभ्या असलेल्या फायकस सायकोमोरसच्या झाडांवर एक अभ्यास झाला. प्रत्येक झाडाची जनुकीय ओळख आधी पटवून मग बीजांचे पितृत्व ठरवण्यात आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार वरट्यांनी पराग १४ ते १६४ किलोमीटरपर्यंत नेले होते, आणि सरासरी अंतर जवळजवळ ८९ किलोमीटर होते. वरटी स्वतःच्या बळावर इतकी उडत नाही. झाडांच्या शेंड्यांच्या वर गेली की वारा तिला वाहून नेतो, आणि नेमक्या झाडाचा वास येताच ती खाली उतरते. कीटकपरागणाचे हे झाड जनुकप्रवाहाच्या बाबतीत वायुपरागित ओकच्या पंक्तीला जाऊन बसते.

आता आयुर्मानाचा विचार. वृक्षांच्या समष्टींमध्ये आतली विविधता जास्त आणि समष्टी-समष्टींमधला फरक कमी, हे वारंवार आढळते. दूर जाणारे पराग हे त्याचे एक कारण झाले, परंतु दुसरे कारण मला अधिक विचार करण्याजोगे वाटते. मोकळ्या जागेत पोहोचलेले वर्षायू रोप त्याच हंगामात फुलते आणि पुढच्या वर्षी ती जागा त्याच्याच संततीने भरून जाते, त्यामुळे पहिल्या दोन-चार बीजांच्या जनुकांचा ठसा कायमचा राहतो. वृक्ष मात्र फुलण्याआधी वीस-तीस वर्षे नुसता वाढत असतो. तेवढ्या काळात बाहेरून बीजे येतच राहतात, आणि पहिले झाड प्रथम फुलते तोवर त्याच्या भोवती अनेक वेगवेगळ्या मातांची संतती उभी असते. संस्थापकांची संख्या अशी आपोआप वाढते आणि नव्या वसाहतीत विविधता गमावली जात नाही. फ्रेडेरिक ऑस्टरलिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली गणिती प्रतिमानातून दाखवले की, हा लांबलेला बाल्यकाळच वृक्षांमधला संस्थापक-परिणाम मोठ्या प्रमाणात सौम्य करतो.

दीर्घायुष्यामुळे उत्परिवर्तने साचत असतील, हा साहजिक तर्क मात्र तितकासा खरा ठरला नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठाच्या आवारात एक ओक आहे. २३४ वर्षे वयाच्या त्या झाडाच्या एकमेकींपासून दूर असलेल्या दोन फांद्यांवरची पाने घेऊन संशोधकांनी त्यांचे जीनोम ताडून पाहिले. २०१७ साली त्यांनी जाहीर केले की, सापडलेल्या एकाक्षरी बदलांची, म्हणजे डीएनएच्या एकेका अक्षरातल्या फरकांची, संख्या अवघी १७ होती. वाढत्या टोकातल्या मूळ पेशी फार क्वचित विभागत असाव्यात, असा त्याचा अर्थ लावला जातो. वृक्षांची उत्क्रांती वर्षांच्या हिशेबात संथ का दिसते, याचे काही उत्तर यात आहे.

वनस्पतींचा तिसरा प्रवास अवकाशातला नसून काळातला आहे, आणि तो मातीत घडतो. विल्यम बील यांनी १८७९ साली मिशिगनमध्ये निरनिराळ्या रानटी वनस्पतींची बीजे बाटल्यांत भरून जमिनीत पुरली. २०२१ साली त्यांतली एक बाटली उकरली, तेव्हाही व्हर्बॅस्कमची काही बीजे उगवली. मातीत असा साठा असणे म्हणजे भूतकाळातल्या अनेक वर्षांची जनुके वर्तमानात मिसळत राहणे. एका वाईट वर्षाने समष्टीची विविधता पुसली जात नाही, आणि एका वर्षाच्या निवडीचा परिणामही पूर्णपणे उमटत नाही.

मोहावी वाळवंटातले लिनॅन्थस पॅरी हे इवलेसे वर्षायू फूल या संदर्भात इतिहासप्रसिद्ध आहे. पावसाच्या वर्षी ते जमीन झाकून टाकते. कोरड्या वर्षी एकही रोप दिसत नाही आणि सगळी समष्टी मातीखाली असते. काही पट्ट्यांत फुले पांढरी, काहींत निळी, आणि मध्ये मिश्र. १९४२ साली एपलिंग आणि डॉबझान्स्की यांनी या रंगांचे वितरण नोंदवले, आणि पुढच्याच वर्षी राइट यांनी अंतरामुळे येणाऱ्या जनुकीय दुराव्याचा आपला सिद्धान्त त्यावर लावून पाहिला. प्रश्न असा होता की, हे पट्टे निव्वळ योगायोगाच्या विचलनाने झाले की निवडीने? अनेक दशके ते विचलनाचे पाठ्यपुस्तकी उदाहरण राहिले. त्यानंतर डग्लस शेम्स्की आणि पॉलेट बिअर्झिकुडेक यांनी वर्षानुवर्षे त्याच जागी बीजे मोजली, आणि २००१ साली दाखवले की वसंतात पाऊस कमी झालेल्या वर्षी निळी फुले अधिक बीजे देतात आणि चांगल्या पावसाच्या वर्षी पांढरी. निवड होती, ती जोरकसही होती, पण तिची दिशा वर्षागणिक बदलत होती, आणि मातीतला बीजसाठा दोन्ही रंगांना सांभाळून ठेवत होता. दोन-तीन वर्षांच्या निरीक्षणावर बेतलेला कोणताही निष्कर्ष इथे अपुरा पडला असता.

शाकीय वाढीबद्दल, म्हणजे बीजाविना होणाऱ्या प्रसाराबद्दल, थोडक्यात सांगतो. युटामधला पांडो नावाचा ॲस्पेन सुमारे ४७,००० खोडांचा आणि ४३ हेक्टरांवर पसरलेला एकच जनुकसंच आहे, म्हणजे दिसणारी झाडे आणि स्वतंत्र जीव यांची संख्या एकच धरून चालत नाही. जलपर्णीने आपल्या मूळ प्रदेशाबाहेर जगाचा मोठा भाग व्यापला तोही मुख्यतः एकाच क्लोनच्या बळावर. विविधता नसेल तर जाती यशस्वी होत नाहीत, हे विधान इतक्या ठामपणे करता येत नाही, याची ती आठवण आहे.

परिसराची पकड किती घट्ट असू शकते, हे वेल्समधल्या जुन्या खाणींनी शिकवले. द्रुस-इ-कोएद येथील तांब्याच्या खाणीच्या ढिगाऱ्यावर अॅग्रॉस्टिस हे गवत उगवते. तिथली रोपे तांबे सहन करतात आणि लगतच्या कुरणातली सहन करत नाहीत. १९६८ साली टॉम मॅकनिली यांनी दाखवले की, वाऱ्याच्या वरच्या बाजूला हा बदल काही पावलांतच होतो, तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला सहनशीलतेची जनुके कुरणात शंभराहून अधिक मीटरपर्यंत पोहोचलेली असतात. त्या बाजूच्या कुरणातल्या बीजांत सहनशीलता जास्त आणि मोठ्या रोपांत कमी आढळते, म्हणजे पराग दर वर्षी ती जनुके आणतो आणि निवड दर वर्षी ती खुडून काढते. खाणीवरची रोपे शेजाऱ्यांपेक्षा साधारण आठवडाभर आधी फुलतात, हेही तेव्हाच लक्षात आले. ट्रेलोगन येथील जस्ताच्या खाणीवर, दुसऱ्या एका गवतात, जॅनिस अँटोनोव्हिक्स यांना हाच फुलण्याच्या वेळेतला फरक चाळीस वर्षांनंतरही तसाच सापडला. जनुकप्रवाह स्थानिक अनुकूलन पुसून टाकतो असे आपण शिकतो. इथे अनुकूलनानेच जनुकप्रवाहाला आडकाठी केली आहे.

एवढे सगळे म्हटल्यावरही जीवनक्रम हे अर्धेच स्पष्टीकरण आहे, असे माझे मत आहे. वायुपरागित, दीर्घायुषी, मोठ्या प्रदेशावर पसरलेला रेड पाइन विविधतेने संपन्न असायला हवा. प्रत्यक्षात त्याच्यात ती अत्यल्प आहे, आणि भूतकाळातल्या संख्याघटीशिवाय त्याचा उलगडा होत नाही. १९९४ साली ऑस्ट्रेलियातल्या दुर्गम घळीत सापडलेल्या वोलेमी पाइनचेही तसेच. नियमाला अपवाद निघाला की नियमाऐवजी त्या जातीचा इतिहास तपासायला घ्यावा, हा मला अशा उदाहरणांतून मिळालेला सर्वांत उपयोगी धडा आहे.

संवर्धनाच्या कामात या ज्ञानाचा थेट उपयोग होतो. स्वपरागण करणाऱ्या वर्षायू जातीची बीजे साठवायची असतील, तर पुष्कळ ठिकाणी जाऊन प्रत्येक ठिकाणची थोडी बीजे घ्यावीत, कारण तिची विविधता ठिकाणा-ठिकाणांत वाटलेली असते. परपरागण करणाऱ्या वृक्षाची घ्यायची असतील, तर ठिकाणे कमी चालतात, पण प्रत्येक ठिकाणी मातृवृक्ष अनेक हवेत. जंगलाचे तुकडे झाल्यावर काय बिघडले, हे मोठ्या झाडांच्या पानांवरून कळत नाही, कारण ती झाडे तुकडे होण्याच्या कितीतरी आधी रुजलेली असतात आणि जुन्याच अखंड जंगलाची साक्ष देतात. त्यासाठी बीजे आणि लहान रोपे तपासावी लागतात. बीजातली मातेकडची निम्मी जनुके आपल्याला ठाऊक असतात, आणि उरलेल्या निम्म्यांवरून पिता ओळखता येतो. अनेक वृक्षांमध्ये हा पिता त्या तुकड्याच्या बाहेरचा निघतो, कधी मोकळ्या माळावर एकट्याच उरलेल्या झाडाचे पराग तिथवर आलेले असतात. म्हणूनच माळावरचे असे एकटे झाड जंगलाचा भाग नाही असे ठरवून तोडण्याआधी आसपासच्या तुकड्यांतल्या बीजांचे पितृत्व तपासले जावे, असे मला मनापासून वाटते.